टाकळ्यावरचे काळे डाग: दर भादव्यातला तोच प्रश्न

पोळा उलटला की माझ्या फोनवर टाकळ्याचे फोटो यायला लागतात. नाशिकच्या द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यातून: गिरणारे, दिंडोरी, मोहाडी, कधी थेट घोटीकडून. फोटो बहुतेक एकाच साच्याचा: चिमटीत धरलेलं एक पान, मागे चिखल, पानावर काळपट डाग. खालचा मजकूरही ठरलेला. ‘ताई, गायरानातल्या टाकळ्यावर रोग आलाय. बागेत येईल का? काय मारू?’

काय मारू हे आधी, बागेत येईल का हे नंतर, आणि हा रोग आहे तरी कोणता हे जमलं तर. सगळ्यांच्या आधीचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: हा टाकळाच आहे ना?

आधी झाड

पानांवर डाग पाडणाऱ्या बऱ्याच बुरशा ठरावीक झाडावर, फार तर त्याच्या सोयऱ्यांवर जगतात. म्हणून बुरशीच्या जुन्या याद्या चाळायच्या तर त्या झाडाच्या नावाखालीच चाळाव्या लागतात. झाडाचं नाव चुकलं की वडाची साल पिंपळाला लागलीच म्हणून समजा.

माझ्याकडे ‘टाकळा’ म्हणून जे फोटो येतात त्यात निदान चार वेगळी झाडं असतात. पहिला खरा टाकळा, सेन्ना टोरा, ज्याची कोवळी पानं आपण आषाढात भाजीला खुडतो. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यात मोठी, पर्णिकेचं टोक गोलसर, अंधार पडला की मिटणारी. दुसरा त्याचा जुळा शोभावा असा सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया. हे दोघे अनेक वर्षं एकाच नावाखाली नांदले आणि गावात अजूनही नांदतात. वेगळे करायचे तर पानाचा मधला दांडा भिंगाखाली धरा. पर्णिकांच्या जोडीमध्ये बारीक खिळ्यासारखी उभी ग्रंथी दिसते. खऱ्या टाकळ्यात खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक, म्हणजे दोन ग्रंथी. जुळ्यात सगळ्यात खालच्या जोडीत एकच. शेंगेचा देठ टाकळ्यात आखूड, जुळ्यात चांगला लांब. तिसरा कासविंदा: पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्या, पान चुरगळलं तर उग्र वास. चौथा सेन्ना युनिफ्लोरा, अमेरिकेतून आलेला, अंगभर लव असलेला, कोरड्या माळावर गालिच्यासारखा पसरणारा. पानाच्या एका फोटोवरून चौघांत निवड करणं मला जमत नाही. ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार. म्हणून फोटो पाठवताना पूर्ण झाड, एक फूल आणि एक शेंग पाठवा, एवढं मी दर वर्षी सांगते. दर वर्षी अंगठा येतो आणि मागून पुन्हा पानाचाच फोटो येतो.

डाग वाढतोय की जागच्या जागी आहे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरणाऱ्याच्या अलीकडे एका आप्पांचं टोमॅटोचं रान आहे आणि शेजारी पडीक तुकडा. आप्पांचा फोन आला, आवाजात घबराट. ‘ताई, काल नव्हतं, आज सगळं रान टिपक्यांनी भरलंय. तुम्ही याच.’ दुपारी स्कूटर काढली.

टाकळ्यावर डाग होतेच. मोहरीच्या दाण्याएवढे, भाजल्यासारखे, कडा रेखीव. पण मी खाली बसले आणि बाजूचा केना बघितला; त्यावरही तेच. एकदांडीवर तेच, आघाड्यावर तेच, बांधावरच्या सागाच्या रोपावरसुद्धा तेच. सागाचं एक रुंद पान टाकळ्याच्या फांदीवर कललं होतं. ते बाजूला सारलं तर खालची टाकळ्याची पानं धुतल्यासारखी स्वच्छ. शेजारच्या बांधाकडे डाग दाट, ओढ्याकडे जाता जाता विरळ, आणि ओढ्याच्या काठाला एकही नाही.

‘आप्पा, शेजारी तणनाशक कधी मारलं?’

आप्पांनी जरा आठवलं. ‘परवा. बांधावर मारत होता. वारं सुटलं होतं खरं.’

प्रकरण तिथेच संपलं. केना, टाकळा, एकदांडी, आघाडा, साग ही पाच वेगळ्या कुळांतली झाडं. पानावर डाग पाडणारी बुरशी अशी पाच कुळांत एका रात्रीत घुसत नाही. पॅराक्वाटसारखं स्पर्शजन्य तणनाशक वाऱ्यावर उडालं की जिथे थेंब पडतो तिथेच पान जळतं, आणि उन्हात एक-दोन दिवसांत ठिपका उमटतो. पुढे तो वाढत नाही. नव्या पानावरही येत नाही, कारण नवं पान तेव्हा उमललेलंच नसतं. द्राक्षवाल्यांना उडालेलं टू-फोर-डी हे तणनाशक माहीत असतं, कारण त्याने शेंडे वळतात, पानं पंख्यासारखी होतात आणि लगेच ओळखू येतं. पॅराक्वाटचे ठिपके मात्र थेट रोगाचा वेश घेऊन येतात.

तेव्हापासून मी सगळ्यांना एक काम सांगते, त्याला पैसा लागत नाही. डाग असलेली दहा पानं निवडा, त्यांच्या देठांना लाल दोरा बांधा. डागाच्या कडेला पेनाने बारीक खूण करा. तीन दिवसांनी बघा, सहा दिवसांनी पुन्हा बघा. डाग खुणेबाहेर गेला, शेजारच्या पानावर नवे आले, तर काहीतरी जिवंत आहे. जागचा हलला नाही, तर औषध, गारा, खरचटणं, असलंच काहीतरी. पाऊस लागला तर पेनाची खूण जाते, म्हणून दोऱ्यासोबत मोबाइलवर फोटो घ्या, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून.

टाकळ्यावर भोकंही पडतात. तो रोग नव्हे. पांढरी-पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात आणि त्यांच्या हिरव्या अळ्या पान कुरतडतात. भोकाच्या कडेला काळपट वलय नसेल तर ते अळीचं जेवण आहे, सोडून द्या. पानाच्या पोटात वेडावाकडा पांढरा रस्ता दिसला तर तीही नागअळी, बुरशी नव्हे.

पान उलटा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्या चुका पान न उलटल्यामुळे होतात.

दहा पटीचं भिंग घ्या. सकाळी दहाच्या आत जा, दव असताना. वरून बघितलं तर टाकळ्याच्या पानावर पिवळट-तपकिरी, कडा नसलेला, शाई फुटल्यासारखा डाग दिसेल. आता पान उलटा. खालून तोच भाग राखाडी-काळा दिसला, चुलीमागच्या भिंतीवर धरलेल्या काजळीसारखा, आणि भिंगातून त्या काजळीत बारीक केसांचे झुपके उभे दिसले, तर आपल्या हातात बहुधा स्यूडोसर्कोस्पोरा ही बुरशी आहे. टाकळ्यावर आणि त्याच्या सोयऱ्यांवर तिची निग्रिकन्स ही जात जगभर नोंदलेली आहे. १८८३ मध्ये कुक या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने तिला सर्कोस्पोरा म्हणून नाव दिलं होतं, पुढे डेटन या दुसऱ्या बुरशीतज्ज्ञाने ती स्यूडोसर्कोस्पोरात हलवली. ही हलवाहलव कागदावरची असली तरी ओळखीला उपयोगी आहे. सर्कोस्पोराचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, रंगहीन आणि ते जिथून सुटतात तिथला वण जाड, काळसर. स्यूडोसर्कोस्पोराचे बीजाणू फिकट ऑलिव्ह रंगाचे आणि वण पातळ, जवळजवळ न दिसणारा.

दुसरी शक्यता वेगळी दिसते. डाग गडद तपकिरी, कडा स्पष्ट, मोठा होताना आत वर्तुळं पडतात, आणि तो पानाच्या दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच. ही अल्टरनेरिया, दुसरी बुरशी. टाकळ्याच्या सोयऱ्यांवरची अल्टरनेरिया कॅसिई ही जात १९६० मध्ये पाकिस्तानातून वर्णिली गेली. अमेरिकेत १९८० च्या दशकात हिलाच तणनाशक बनवण्याचा प्रयत्न झाला, कारण तिथे सोयाबीनमध्ये सेन्ना ऑब्ट्युसिफोलियाने, म्हणजे आपल्या टाकळ्याच्या त्या जुळ्या भावानेच, उच्छाद मांडला होता. बीजाणू पाण्यात कालवून फवारायचे आणि रोपं मारायची, अशी कल्पना. फवारणीनंतर पान कित्येक तास ओलं राहावं लागतं, हे त्यातलं अडचणीचं गणित.

डाग पाणी शोषल्यासारखा, पारदर्शक, शिरांनी अडवलेला कोनाकोनाचा असेल तर जिवाणूचा संशय घ्या. डागाची कड ब्लेडने कापून स्वच्छ काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघाला तर तो जिवाणू. बुरशीत असं होत नाही.

आणि पांढरी पावडर, बोटाने पुसली जाणारी? ती भुरी. पावसाळा ओसरला की टाकळ्यावर येते. तिचा काळ्या डागांशी संबंध नाही, पण द्राक्षवाल्यांचा जीव तिच्याच फोटोने सगळ्यात जास्त वर-खाली होतो. त्यावर पुढे बोलते.

डब्यातली रात्र

भिंगाने फार तर अंदाज येतो. खात्रीला बीजाणू बघावे लागतात, आणि पावसाने धुतलेल्या पानावर ते कधी कधी नसतातच. म्हणून डबा.

मिठाईचा प्लास्टिकचा डबा, तळाला चार पदरी टिश्यू पेपर, त्यावर पाणी शिंपडून ओलं करायचं, तळं करायचं नाही. वर दोन काड्या आडव्या, त्यावर पान, खालची बाजू वर करून. झाकण लावा, सावलीत ठेवा. चोवीस तासांनी बघा. डागावर बारीक लव उठली असेल तर पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा अलगद टेकवून उचला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चिकटवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पटीत बघा. जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा वनस्पतिशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक असतो. गोड बोललं तर दाखवतात.

लांबट, अळीसारखे, एका टोकाला निमुळते, फक्त आडवे पडदे असलेले बीजाणू दिसले तर स्यूडोसर्कोस्पोराकडे. गदेसारखे, आडवे आणि उभेही पडदे असलेले, वर चोच आलेले दिसले तर अल्टरनेरिया.

आता माझी चूक सांगते, कारण ती अजूनही लोक करतात आणि करणाऱ्यांत शिकलेले जास्त असतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मला कुणीतरी जुनं, मधोमध वाळून भोक पडलेलं पान आणून दिलं. मी ते डब्यात तीन दिवस विसरले. काढलं तर काळं मखमल. काचेवर गदेसारखे बीजाणू बघून मी आनंदाने जाहीर केलं, अल्टरनेरिया! शेजारच्या टोमॅटोवाल्याने ते ऐकलं आणि करप्याच्या धास्तीने दोन फवारण्या जादा घेतल्या. महिनाभराने तीच काचपट्टी पुन्हा बघितली तेव्हा लक्षात आलं की ते बीजाणू लहान होते आणि एकामागे एक साखळीने लागलेले. ती अल्टरनेरिया अल्टरनाटा. मेलेल्या कुठल्याही पानावर, ओल्या पोत्यावर, न्हाणीघराच्या भिंतीवरसुद्धा येते. रोग दुसऱ्याच कुणी केला होता, ही नुसती तेराव्याच्या जेवणाला आलेली पाहुणी. रोग करणाऱ्या अल्टरनेरिया कॅसिईचे बीजाणू मोठे, एकेकटे, आणि चोच लांबलचक शेपटीसारखी.

म्हणून नियम केला: डाग कोवळा घ्यायचा, मध्यभाग नाही तर कड बघायची, आणि डबा अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे न्यायचा नाही. त्यानंतर जे उगवतं ते पाहुण्यांचं.

नमुना कुणा तज्ज्ञाला पाठवायचा तर प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. पान घामाघूम होतं आणि पोहोचेपर्यंत भाजी झालेली असते. वर्तमानपत्राच्या घडीत दाबा, वर वजन ठेवा, कागद रोज बदला. त्र्यंबकच्या पावसात काहीच वाळत नाही, हे मला माहीत आहे. तिथल्या एका मावशींनी फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला घडी टेकवून ठेवली होती, आणि तो नमुना माझ्याकडच्या सगळ्या नमुन्यांत सुंदर वाळला. सोबत तारीख, गाव, आणि फूल-शेंगेसकट फांदी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर बुरशी-संग्रह आहे. तिथली वाळकी पानंही अशीच कागदात जपलेली, आणि ज्या पाकिटावर झाडाचं नाव नीट लिहिलेलं असतं त्यालाच किंमत.

दर वर्षी तिथेच का?

टाकळ्याचं बी टणक असतं. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पहिल्या पावसाला थोडं थोडं उगवतं. गुरं टाकळ्याला तोंड लावत नाहीत, बाजूचं गवत मात्र खाऊन साफ करतात, म्हणून जिथे चराई जास्त तिथे टाकळा दाट. गेल्या वर्षीचा डागाळलेला पालापाचोळा त्याच जागी पडलेला असतो आणि बुरशी त्यात तग धरते. आषाढात रोपं विरळ, वारा खेळतो, पान वाळतं. भादव्यापर्यंत टाकळा मांडीला लागतो, पानावर पान, रात्री दव, पहाटे भुरभुर, दहा वाजेपर्यंत ओल हटत नाही. बुरशीला आणखी काय हवं? म्हणून रोग नवा आला असं वाटतं तेव्हा तो खरं तर गेल्या वर्षीचाच, वेळेवर आलेला असतो.

बागेत येईल का?

द्राक्षात: नाही. द्राक्षाला छळणारे डावणी आणि भुरी हे दोन्ही रोग द्राक्षाच्याच कुळाला बांधलेल्या जिवांचे आहेत. टाकळ्यावरची भुरी वेगळी, तुमच्या वेलीवरची वेगळी. दोन्ही पांढऱ्या म्हणून एक होत नाहीत. द्राक्षावरही स्यूडोसर्कोस्पोराची एक जात पानावर डाग पाडते, पण ती व्हिटिस, ही निग्रिकन्स. आडनाव एक, घरं वेगळी. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डावणीची धास्ती घ्यायचीच असते. ती टाकळ्यावरून घेऊ नका, पावसावरून आणि ओल्या पानावरून घ्या.

टोमॅटोत: टाकळ्यावरून नाही. पण बांधावर कामोणी असेल, ती काळ्या बारीक फळांची, तर ती टोमॅटोच्याच कुळातली आहे आणि लवकर येणाऱ्या करप्याची अल्टरनेरिया सोलानी तिच्यावर जगू शकते. टाकळ्याकडे बोट दाखवणाऱ्या किती बांधांवर मी कामोणी डुलताना बघितली आहे! ती उपटा.

चवळी किंवा दुसरं शेंगवर्गीय पीक लागूनच असेल तर मात्र थोडं लक्ष ठेवा. अल्टरनेरिया कॅसिई मुख्यतः टाकळ्याच्या आणि खुळखुळ्याच्या जवळच्यांना धरते, तरी दक्षिण आफ्रिकेत चवळीवरही तिची नोंद झालेली आहे. आपल्या चवळीवर आल्याचं मी स्वतः बघितलेलं नाही. वर्तुळांचा डाग चवळीच्या पानावर दिसला तर डबा लावा, अंदाजाने फवारू नका.

काय मारू?

काही नाही. गायरानात बुरशीनाशक मारणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं, आणि त्या भुईवर उद्या कुणाची तरी गाय चरणार आहे. शिवाय विचार करा: अमेरिकेत जी बुरशी टाक्यांत वाढवून फवारली, ती इथे फुकटात तुमचं तण अशक्त करते आहे, आणि तुम्ही तिच्यावरच मॅन्कोझेब मारायला निघालात.

गेल्या आठवड्यात आप्पांचा पुन्हा फोन. यंदा टाकळ्यावर खरोखरची काजळी होती, खालच्या बाजूला, केसांसकट. लाल दोरा बांधलेल्या पानांवरचे डाग पेनाच्या खुणेबाहेर गेले होते, हे त्यांनी स्वतः मोजून सांगितलं. काचपट्टीवर अळीसारखे फिकट बीजाणू आले. मी वहीत स्यूडोसर्कोस्पोरा एवढंच लिहिलं. जातीचं नाव लिहायला झाडाची ग्रंथी बघायची होती आणि आणलेली फांदी नेमकी शेंड्याची, कुरतडलेली.

‘म्हणजे टाकळ्याला हात लावू नको?’ आप्पांनी विचारलं.

‘लावा की. शेंगा भरायच्या आत विळ्याने कापा. भरल्या की पुढची कित्येक वर्षं पेरून ठेवल्यासारखं.’

‘आणि तुमची ती ग्रंथी?’

‘कापायच्या आधी एक पूर्ण झाड कागदात दाबून ठेवा, आप्पा. फूल आलेलं. मुळासकट.’